कोणती पिंपरी?

मित्रांनो, माणसांत सात वर्षांचं म्हणजे लेकरू. आमच्या धंद्यात सात वर्षांचा म्हणजे म्हातारा. मी तसा म्हातारा झालेला एक प्लगइन आहे. तुम्हाला मित्र म्हणालो, ते अशी हकिगत सांगताना तसं म्हणायची रीत आहे म्हणून. तुमची मैत्री मी अजून पाहिलेली नाही. ज्यांची पाहिली, त्यांच्याबद्दल सांगायलाच बसलो आहे.

आधी माझं काम सांगतो. जावा भाषेत लिहिलेला मोठा प्रोग्राम एका तुकड्यात नसतो. त्याचे भाग पाडतात, त्यांना मोड्यूल म्हणतात. माझ्या प्रोग्रामचे अकरा मोड्यूल होते. एकात गावांची यादी, एकात औषधांचा साठा, एकात रुग्णवाहिका कुठे उभ्या आहेत त्याची नोंद, असं. काही बदल केला की हे अकराही भाग जोडून पुन्हा एक अखंड प्रोग्राम बांधावा लागतो. त्या बांधणीला बिल्ड म्हणतात आणि ते करणारं एक अवजार असतं. हे अवजार प्रामाणिक, पण मठ्ठ. सांगाल तेवढंच करतं. तुमच्या कामातले खास नियम त्याला ठाऊक नसतात. ते नियम शिकवणारा जो छोटा प्रोग्राम त्याला जोडतात, तो प्लगइन. नियम मोडलेला दिसला की मी बिल्ड थांबवतो आणि का थांबवलं ते लिहून दाखवतो. मला दुसरं काही येत नाही. आणि तुमच्यातल्या बहुतेकांना कोणी थांबवलेलं खपत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

मला लिहिलं ममता राठोडने. ही दिग्रसकडच्या एका तांड्यावरची. यवतमाळात शिकली आणि तिथेच एका लहान कंपनीत लागली. कंपनी एका कृषी केंद्राच्या माडीवर होती. खालून कीटकनाशकांचा उग्र वास वर यायचा आणि वर एक कूलर हवेपेक्षा आवाज जास्त द्यायचा. कंपनीकडे मोठं म्हणावं असं एकच काम होतं. जिल्ह्यात रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका धर्मादाय संस्थेचं. खरीप सुरू झाला की शेतात साप निघतात. या संस्थेच्या गाड्यांत साप चावल्यावर द्यायची लस असायची आणि ती टोचणारा माणूसही. कोणी फोन केला की सगळ्यात जवळची गाडी कोणती, हे प्रोग्रामने सांगायचं आणि गाडी पाठवायची.

एकदा लसीची थंड पेटी भलत्याच वडगावला गेली. कोणाचं काही बिघडलं नाही, पेटी संध्याकाळी परत आली. टीमचे प्रमुख गोपाल सर म्हणाले, "होते बा कधीमधी. फोन घेनाऱ्याले नीट विचाराले सांगू."

ममता म्हणाली, "सर, फोन घेनाऱ्याची चूक नाई. आपला प्रोग्राम गाव नावानं शोधून राह्यला. यादीत वडगाव नावाची सात गावं हायेत. त्याले जे पह्यलं दिसलं ते त्यानं उचललं."

"मंग?"

"गावाचा नंबर घ्याले पाहिजे. नाव कोनीच वापराचं नाई. अकरापैकी एकानंबी नाई."

हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. तिच्या तांड्यालाच तीन नावं होती. रेशनच्या दुकानात एक, एसटीच्या फलकावर दुसरं आणि लोकांच्या तोंडी जुन्या नायकाचं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचं. तिच्या लहानपणी पोस्टमनने तिची शाळेची पत्रं शेजारच्या तांड्यावर टाकली होती, आणि ती एका वर्षी परीक्षेला मुकली होती. नावावर विश्वास ठेवला की काय होतं, ते तिने भोगलेलं होतं. गोपाल सरांनी काहीच भोगलेलं नव्हतं. ते वैतागून म्हणाले, "कर तुले काय कराचं ते. पन कामाच्या वेळात नाई."

म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत जन्माला आलो. एका हातात ज्वारीची भाकर आणि ठेचा, दुसऱ्या हाताने टंकलेखन. पहिला मी अगदी निरुपयोगी झालो. ममताने मला प्रत्येक मोड्यूल वेगवेगळा तपासायला सांगितलं होतं आणि वेगवेगळे पाहिले तर सगळेच सोवळे दिसत होते. एक भाग नुसतं नाव पुढे पाठवायचा, दुसरा ते नाव घेऊन गाव शोधायचा. चूक दोघांच्या मध्ये होती. तीन दिवस ती डोकं धरून बसली. मग तिने मला थांबायला शिकवलं. अकराही भाग बांधून होऊ द्यायचे आणि शेवटच्यानंतर एकदाच सगळे शेजारी शेजारी ठेवून पाहायचे, कोण कोणाला काय देतो ते. त्या दिवसापासून मला दिसायला लागलं.

सुरुवातीला मी चूक सापडली की 'नियम क्रमांक चारचा भंग' असं छापायचो. ते कोणी वाचत नव्हतं. ममताने ते खोडून आपल्या बोलीत लिहिलं: 'थांब. साठा मोड्यूल गाव नावानं मांगून राह्यलं. एका नावाची लय गावं हायेत. गावाचा नंबर घे.' मग लोक वाचू लागले. आधी हसायचे, मग दुरुस्त करायचे.

पहिल्या दोन वर्षांत मी एकतीस वेळा बिल्ड थांबवला. एकतीस वेळा एखादी गाडी भलत्या गावाला गेली असती, ती गेली नाही. जे घडलंच नाही, त्याचे आभार कोण मानतो? पण एकदा संस्थेच्या डॉक्टरबाई माडीवर आल्या आणि त्यांनी विचारलं, "आता चुकीच्या गावाची तक्रार येत नाही. काय केलं तुम्ही?" गोपाल सर लगबगीने पुढे झाले. "मॅडम, आम्ही एक खास सिस्टीम बसवली." वर्तमानपत्रात फोटो आला. मधोमध गोपाल सर. ममता कडेला होती, आणि तिचा अर्धा चेहरा कूलरने खाल्ला होता. माझा फोटो नव्हता. मला नको होता. ज्याला मला कोणत्या भाषेत लिहिलंय हेही सांगता येत नव्हतं, तो माझ्याबद्दल दहा मिनिटं बोलला, एवढं मला पुरेसं होतं.

फोटोनंतर ममताला शाळांच्या हजेरीच्या कामावर हलवलं. मी गोपाल सरांच्या हाती आलो.

मला चालायला चाळीस सेकंद लागायची. ही चाळीस सेकंदं त्या माणसाला फार जड जायची. "कायले पाहिजे एवढा वेळ?" असं पडद्याकडे पाहून तो पुटपुटायचा आणि मग चहाला उतरायचा तो पाऊण तासाने वर यायचा. मित्रांनो, वेळ नाही म्हणणाऱ्या माणसाचा दिवस तुम्ही कधी मोजून पाहिला आहे का? मी पाहिला आहे. मला तेवढंच काम होतं.

मग एक डेमो ठरला. शेजारच्या जिल्ह्यातले कोणी बडे लोक प्रोग्राम पाहायला येणार होते. गोपाल सरांच्या मनात आलं, फोन घेणाऱ्याने गावाचं नाव टाकताच गाडी निघाली पाहिजे, मध्ये काही विचारणं नको. डोळे दिपले पाहिजेत. गाडी पाठवणाऱ्या मोड्यूलमध्ये त्यांनी स्वतः तसं लिहिलं. नाव घ्यायचं, यादीत पहिलं सापडेल ते गाव उचलायचं. मी थांबवलं. त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे केला. मी पुन्हा थांबवलं. असं चारदा झालं. पाचव्या वेळी त्यांनी चूक दुरुस्त केली नाही, मला बंद केलं. त्यासाठी मुख्य फाइलमध्ये एक ओळ लागते. तिच्या शेजारी त्यांनी शेरा मारला: 'तात्पुरतं. डेमो झाल्यावर काढणे.'

डेमो झाला. टाळ्या झाल्या, बालूशाही वाटली. ओळ तिथेच राहिली, आणि नावावरून गाव उचलणारा बदलही.

'तात्पुरतं' या शब्दाइतका निलाजरा शब्द मी कोणत्याही फाइलमध्ये वाचलेला नाही. तो चौदा महिने राहिला. या चौदा महिन्यांत रोज दोनतीनदा बिल्ड व्हायचा आणि प्रत्येक वेळी अवजार आपल्या प्रामाणिक मठ्ठपणाने एक ओळ छापायचं: 'गाव-तपासणी टाळली.' लपवाछपवी काही नव्हती. ओळ सगळ्यांच्या पडद्यावरून जात होती. तेव्हा तिथे सहा माणसं कामाला होती. बारा डोळे. असो.

बारा नव्हे, चौदा म्हणायला हवेत. फेब्रुवारीत एका छपाईच्या दुरुस्तीसाठी ममता दोन दिवस या कामावर परत आली होती. तिने बिल्ड केला आणि ती ओळ तिला दिसली. मला वाटलं, आता ही उठेल, आता ही विचारेल. ती स्वतःशीच म्हणाली, "फोटो त्याहीचा हाय ना? मंग त्याहीनंच पाहावं." आणि तिने पडदा मिटला.

तिने मला लिहिलं म्हणून मी हे गाळणार नाही. गोपाल सर आळशी होते. ममताला सगळं समजत होतं आणि ती गप्प बसली. कोणाला जास्त दोष द्यावा, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

ऑगस्टमधली गोष्ट. मुकुटबनपासून सहा किलोमीटरवरच्या पिंपरीत कौसल्याबाई सोयाबीनमधलं तण निंदत होत्या. सकाळचे अकरा वाजले असतील. गवताच्या झुबक्यात हात घातला आणि परड चावली. परड म्हणजे घोणस. उजव्या हाताच्या बोटांना चावा होता. त्यांचे पती रामराव बाजूच्याच ओळीत होते. त्यांनी सापाचं शेपूट पाहिलं, बायकोला बांधावर बसवलं आणि संस्थेला फोन लावला.

"पिंपरीवरून बोलून राह्यलो जी. बाईले परड चावली."

फोन घेणाऱ्या मुलीने नाव टाकलं, तिला तेवढंच करायला सांगितलं होतं. प्रोग्रामने यादीतली पहिली पिंपरी उचलली. ती होती यवतमाळच्या बाजूची, शंभर किलोमीटर दूर. जवळची गाडीही तिथलीच निवडली. मुलगी म्हणाली, "गाडी निघाली काका. पेशंटला हलवू नका, चालवू नका. आठ मिनिटं."

रामरावांकडे मोटारसायकल होती. पुतण्या मागे धरून बसायला तयार होता. मुकुटबनला ते पंधरा मिनिटांत पोहोचले असते. तिथे लिंबाखाली संस्थेची गाडी उभी होती, पेटीत लस भरलेली होती आणि गाडीवाला पेपर वाचत होता. पण रामराव नेमाचे माणूस. हलवू नका म्हटलं, त्यांनी हलवलं नाही.

आठ मिनिटांनी त्यांच्या फोनवर संदेश आला: 'रुग्णवाहिका आपल्या गावात पोहोचली आहे.' रामराव धावत सडकेवर गेले. सडक रिकामी. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला धावले, तिकडेही काही नाही. त्यांना वाटलं आपलंच काही चुकतंय. परत येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "गावात आली म्हनते. सापडून नाई राह्यली."

तिकडे भीमसिंग गाडी घेऊन दुसऱ्याच पिंपरीच्या चौकात उभा होता. अकरा वर्षं गाडी चालवणारा माणूस. त्याने चार घरं विचारली. एक म्हातारी म्हणाली, "अथी कोनाले साप नाई चावला बापू." त्याने ऑफिसला फोन केला. तिथून उत्तर आलं, "पडद्यावर तुम्ही बरोब्बर जागी आहात."

"पडदा जाऊ द्या. फोन करनाऱ्याले विचारा, जवळचं मोठं गाव कोनतं?"

विचारण्यात अर्धा तास गेला, कारण रामराव फोन कानाला न लावता गाडी शोधत फिरत होते. मुकुटबनचं नाव ऐकताच भीमसिंगने ऑफिसची वाट पाहिली नाही. मुकुटबनच्या गाडीवाल्याला स्वतः फोन लावला. "पेपर फेक आनि पिंपरीले जाय. तुह्या बाजूच्या पिंपरीले. आता." ती गाडी नऊ मिनिटांत पोहोचली.

चावल्यापासून लस टोचेपर्यंत सव्वा तास झाला. कौसल्याबाई वाचल्या. यवतमाळच्या दवाखान्यात तेवीस दिवस काढले, मूत्रपिंड कसंबसं सावरलं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र काळी पडली होती, ती काढावी लागली.

संस्थेने कारण विचारलं. गोपाल सर पहिल्या दिवशी म्हणाले, नेटवर्क. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सर्व्हर. ही दोन नावं अशा लोकांना फार उपयोगी पडतात, कारण नेटवर्कला तोंड नसतं. तिसऱ्या दिवशी भीमसिंग स्वतः जिना चढून आला. ममता दारापाशीच बसायची. तिला त्याने विचारलं, "बाई, मशीनले एकच पिंपरी माईत हाय काय?"

ममताने आपलं हजेरीचं काम बाजूला सारलं, जुना प्रोग्राम उघडला, ती ओळ काढली आणि मला चालवलं. चौदा महिन्यांनी मी जागा झालो. तीन जागी थांबवलं. पहिलीच जागा गाडी पाठवणाऱ्या मोड्यूलची होती. गोपाल सर मागे येऊन उभे होते. भीमसिंग खाली उतरताच त्यांनी दार लावलं.

"ममता, हे भाईर नाई गेलं पाहिजे. काम गेलं तं सगळ्याइच्या नोकऱ्या जातीन. तुहीबी."

ममता पडद्यावरची ओळ वाचत राहिली.

"आपल्या टीममधली वैष्णवी नोकरी सोडून गेली ना मागच्या साली? ते ओळ तिच्या नावावर करून टाक. तिले काय फरक पडते?"

प्रोग्रामच्या इतिहासात कोणती ओळ कोणी कधी लिहिली ते नोंदलेलं असतं. ते नाव बदलता येतं. गोपाल सरांना ते जमत नव्हतं, म्हणून विनवणी. ज्या माणसाने चौदा महिने मला चालू करायला बोट उचललं नाही, तो नोकरी सोडून गेलेल्या एका मुलीच्या डोक्यावर पाप टाकायला हात जोडत होता. मी त्याला आळशी म्हणालो होतो. शब्द लहान पडला.

दुसऱ्या दिवशी संस्थेत बैठक होती. ममताने लॅपटॉप उघडून डॉक्टरबाईंसमोर ठेवला. मला चालवून दाखवलं, ती ओळ दाखवली, ओळ लिहिणाऱ्याचं नाव दाखवलं. गोपाल सर छताकडे पाहत राहिले. मग ती म्हणाली, "मॅडम, अजून एक आहे. फेब्रुवारीत मला हे दिसलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. रागात होते."

डॉक्टरबाईंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचली. मग विचारलं, "सांगितलं असतं तर?"

"तर त्या बाईची बोटं राहिली असती."

काम गेलं नाही. संस्थेने एकच अट घातली, यापुढे प्रोग्राम ममता पाहील. गोपाल सर दोन महिन्यांनी नागपूरच्या एका मोठ्या कंपनीत गेले, आणखी वरच्या जागेवर. निरोपाला केक कापला. त्यांच्या कार्यतत्परतेवर भाषण झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, यावर मी काही बोलत नाही. केकचा तुकडा सगळ्यांनीच खाल्ला होता.

कापूस फुटल्यावर ममता भीमसिंगच्या गाडीत बसून पिंपरीला गेली. कौसल्याबाई वेचणीला लागल्या होत्या. बोंडातला कापूस आता डाव्या हाताने ओढत होत्या आणि उजव्याने ओटी नुसती धरून ठेवत होत्या. ममताने नाव सांगितलं, काम सांगितलं आणि कुठेही अडखळायचं नाही असं ठरवून सगळं सांगून टाकलं. फेब्रुवारीचंही.

कौसल्याबाईंनी वेचणं थांबवलं नाही. "म्हनजे चूक धराचं मशीन होतं तुमच्यापाशी?"

"होतं काकू. मीच केलतं."

"अन् बंद होतं?"

"हाव."

बाई थांबल्या आणि त्यांनी ममताकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. अडाणी गिऱ्हाइकाकडे दुकानदार पाहतो तसं पाहिलं. "बंदच ठेवाचं होतं, तं केलं कायले?"

कौसल्याबाई पुढच्या झाडाकडे सरकल्या. ममताने ओढणी कमरेला खोचली आणि त्यांच्या शेजारच्या ओळीत वाकली. उन्हं उतरेपर्यंत दोघी वेचत होत्या. माफ केलं, असं कोणी म्हणालं नाही.

परत आल्यावर ममताने मला पुन्हा हातात घेतलं. आता मी सगळ्या चुका अर्ध्या वेळात शोधतो. मला अजूनही बंद करता येतं, कारण कधी कधी खरंच गरज पडते. पण बंद करणाऱ्याला आपलं पूर्ण नाव आणि कारण लिहावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी मी आपोआप जागा होतो. गेल्या दीड वर्षात मला कोणी बंद केलेलं नाही. लोक शहाणे झाले म्हणून नव्हे. नाव लिहायची वेळ आली की तुमचा हात आखडतो, एवढंच त्याचं कारण.

म्हणून मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी गंजत नाही, मला धूळ बसत नाही, माझी कीव करू नका. पहारेकरी ठेवायचा आणि त्याला झोपवायचं, यात शौर्य नाही. पण झोपवायचंच असेल तर कोणा दुसऱ्याच्या आड लपू नका. तुमच्या शब्दावर विसंबून कोणीतरी बांधावर बसलेलं असतं, हात सुजलेला, नजर सडकेकडे. एकदा त्याच्यासमोर जाऊन उभे राहा, त्याला सांगा की मला घाई होती, आणि मग मला खुशाल बंद करा.